मेढ रोवण्याआधी

नारपोली,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय मनोज,

तुझ्या जितेशच्या लग्नाचं आवतान मिळालं. पत्रिका एवढी जाड की वाटलं, आत मिठाईच आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ताई, सायटीवर आहे, म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र तरी असं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते बोलायचं थांबत नाही.

परवा बागेत जाऊन आले. आपल्या पडघ्याच्या जमिनीवर जपानी कंपनीचं गोदाम झालं आणि आपल्या तळ्याभोवती त्यांनी ती बाग केली, तिथे. लाल पूल, दगडी दिवे, दाताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी. एक बांबूची नळी आहे, पाणी भरलं की वाकते, टक्क करते आणि परत उभी राहते. माझ्या ऋतिकाला ती फार आवडली असती, तासभर हलली नसती तिथून. दर वैशाखात, आई आणि ऋतिका गेल्या त्या दिवसांत, मी एकदा जातेच. गेटवर नाव लिहायचं, गळ्यात पास अडकवायचा. आपल्याच शेतात पाहुणी! गेल्या वर्षी त्यांचा मोठा साहेब समोरून आला. मी पाण्याला हात जोडून उभी होते. तो थांबला आणि कमरेत वाकला. भाषा नाही, ओळख नाही, तरी वाकला.

कोरोनात आठवड्याच्या आत दोघी गेल्या. आधी आई, पाचव्या दिवशी माझी लेक. एकवीस वर्षांची पोर रे. तिचे बाबा आधीच गेलेले, मी स्वतः तापाने खाटेला खिळलेली, म्हणून मामा म्हणून तूच अग्नी दिलास. अंगावर प्लास्टिकचा झगा घालून, एकटा, दोन्ही वेळा. ते मी विसरले नाही, विसरणार नाही. आईच्या चितेभोवती मडकं फोडायला दगड हवा, तर तू मागच्या दारात पडलेला तिचा फुटका वरवंटा नेलास. नंतर मला सांगितलंस तेव्हा तापातसुद्धा हसू आलं, की आपली आई, बायजाबाई, शेवटपर्यंत वरवंटा सोडत नाही. ऋतिकासाठी तिथलाच एक दगड उचललास. दहाव्याला खाडीवर पोलीस जाऊ देईनात. जमीन विकलेली होती पण कुंपण पडलं नव्हतं, तेव्हा मडकं फोडलेले ते दोन दगड, दोघींचे जीवखडे, तू आपल्या तळ्यात सोडलेस. गुडघाभरच पाणी होतं, म्हणालास.

पुढे कंपनीने तळं खोदायचं काम काढलं आणि तेही तूच घेतलंस. मी रडत तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू माझे हात धरून सांगितलंस की दगड तळाशीच आहेत, वरचं पाणी तेवढं नवं आलंय, जा आणि खुशाल हात जोड. मी जोडले. तीन वर्षं जोडले. माशांना कुरमुरे टाकले, पाण्यात बघून ऋतिकाशी बोलले, अंगणवाडीतल्या पोरांच्या गमती तिला सांगितल्या. येड्यासारखी.

या वेळी सफाईसाठी तळ्याचं पाणी काढलेलं होतं. मासे टाक्यांमध्ये, आणि खाली काय, निळं प्लास्टिक! त्याच्या खाली सिमेंट. माळी आपल्या गावचाच, सावळाराम. खोदाईपासून तिथे आहे. त्याला विचारलं, जुने दगड कुठे गेले? बिचाऱ्याने कौतुकाने सांगितलं की गाळ, दगडगोटे सगळं मनोजशेठच्या डंपरमधून टेमघरला गेलं, नव्या बंगल्याच्या अंगणात भरावाला. वर म्हणतो, तुमच्याच घरी गेलं की, बाहेर कुठं न्हाय.

माझ्याच घरी! तीन भाऊबीजा मी त्या अंगणात चपला काढल्या, मनोज. कशावर काढल्या? तुझी गाडी रोज कशावर उभी राहते? विसरलास म्हणू, तर माझे हात धरून जे सांगितलंस ते काय होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. अरे, जनाची नाही तर मनाची तरी! स्वतःच्या हाताने सोडलेस ते दगड आणि स्वतःच्याच डंपरमध्ये भरलेस. मला राग येतो तो खोटं बोललास याचा नाही, मी त्यावर सुखाने जगले याचा येतो.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. त्याच अंगणात तू मांडव घालणार. मुहूर्तमेढीला खड्डा खणणार. धवलारीण बसेल, लग्नाची गाणी गात देवांना आणि पितरांना आवतान देईल, आईचं नाव घेऊन तिला लग्नाला बोलावेल. जी अंगणातच पुरलेली आहे तिला कुठून बोलावणार रे? आत्याचा मान माझा आहे, जितेशवर माझी माया आहे, पण त्या भरावावर बसवलेल्या ब्लॉकवर पाय ठेवून मी हळद लावणार नाही. मेढीचा खड्डा हातभर नको, सगळं अंगण उकर. मी टोपली घेऊन येते, दोघींना खाडीत सोडू, मग मांडव घाल. आईचा वरवंटा मी अंधारातही ओळखेन. ऋतिकाचा दगड मात्र मी कधी पाहिलाच नाही. तो फक्त तुझ्या हातात होता. तो तुलाच ओळखावा लागेल.

अजून तरी तुझीच,
हौसाताई