बरण्यांतले चेहरे

२ सप्टेंबर
माझाच चेहरा! कॅन्टीनच्या दारावर, जिन्यात, सरांच्या खोलीबाहेर — आमच्या चित्रप्रदर्शनाच्या पोस्टरवर कयलने रंगवलेला, पुढे काटेरी तार. खाली ठसठशीत अक्षरांत — 'निर्वासित छावणीत जन्मलेली, आमच्याच वर्गातली तर्शिका.'
तीन वर्षं लपवलं. आईवडील वेल्लूरला असतात, असं सांगत आले. श्रीलंकेतून पळून आलेल्यांची पोर आहे मी, हे या अख्ख्या चेन्नईत एकट्या कयलला ठाऊक. पहिल्या वर्षी तापात उशाशी बसली होती, तेव्हा मीच बोलून गेले.
"कसं झालंय गं पोस्टर?" आज विचारत होती. डोळे नुसते चमकत होते.
"छान," म्हणाले. हसलेसुद्धा.
थांब म्हणावं.

३ सप्टेंबर
मेसमध्ये मला बघून दोन पोरी बोलता बोलता गप्प झाल्या. एकीने स्वतःचं केळं माझ्या ताटात ठेवलं. केळं! भिकाऱ्याला देतात तसं!
खाल्लं. घासाघासाला कयलचं नाव घेतलं.

५ सप्टेंबर
प्रदर्शनाची बैठक. आमची चित्रं विकून छावणीतल्या मुलांसाठी चित्रशाळा काढायची. छावणीतली माणसंही बसने येणार.
इळंगो सर म्हणाले, "मोठ्या भिंतीवरचं चित्र तर्शिकाचं. पडदा पाहुणे उघडतील. जमेल ना गं?"
"ओम," तोंडून निसटलं. आमच्या घरचं 'हो'. इथे तसं कुणी म्हणत नाही. तीन वर्षांत एकदाही चुकले नव्हते!
कयलने हळूच माझा हात दाबला. शाबासकी देतेय!
काय काढायचं ते तिथल्या तिथे ठरलं.

९ सप्टेंबर
जमतंय. किराण्याचं दुकान. फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत लोणच्यासारखे मुरत घातलेले चेहरे — माझा, अम्माचा, छावणीतल्या म्हाताऱ्यांचे. गल्ल्यावर कयल. चिमट्याने एक चेहरा उचलून गिऱ्हाईकाला दाखवतेय. तो पुढे आलेला दात, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या चमक्या — शेंबडं पोरही ओळखेल.
इतका हात कधी चालला नव्हता माझा.

१० सप्टेंबर
दाराबाहेरून कयल — "उघडू नकोस, मला आधी बघायचं नाहीये. इडल्या ठेवल्यात. खा हं, सकाळपासून उपाशी आहेस."
कावळ्यांना घातल्या.

१३ सप्टेंबर
संपलं. उद्या.

१४ सप्टेंबर
पडदा सरकला. टाळ्या सुरू झाल्या नि मधेच विरल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं — "अरे, ही तर आपली कयल!" मग सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बारा दिवस माझ्याकडे वळत होत्या, अगदी तश्शा!
ती चित्रासमोर उभी. मी डोळे भरून बघून घेतलं. खोटं कशाला लिहू?
मग माझ्याकडे आली. "आवडलं नव्हतं तर तोंडावर सांगायचंस ना गं. मला तर कळलं होतं, तुझी हरकत नाही म्हणून—"
"कुणी सांगितलं?"
तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि निघून गेली. चपला तशाच राहिल्या दाराशी.
मागे अम्मा होती. बसमधून नुकती उतरलेली. इस्त्रीची साडी, डोक्यात मोगरा. चित्राकडे नाही, नुसती इमारतीकडे बघत होती — खिडक्या, जिना, सगळं.
इळंगो सर जाता जाता म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. बाकीचं तुझं तू बघ."
बघेन. जिंकले की नाही?

१५ सप्टेंबर
अम्माचा फोन. जुलैत वर्गातले सगळे छावणी बघायला गेले, मी आजारपणाचं सोंग घेऊन मागे राहिले — त्या दिवशी माझा फोटो कयलला अम्मानेच दिला. "तर्शिकाला चालेल ना?" असं तिने तीनदा विचारलं म्हणे.
"मी म्हटलं, चालेल. तिनेच कळवलंय. खोटं बोलले मी."
"का, अम्मा?"
"तीन वर्षं झाली तुला तिथे. मला एकदा तरी घेऊन गेलीस?"