जबड्याचं कुलूप

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि कान कसे आहेत ते आधी कळव. दगड फोडायच्या यंत्राशेजारी वीस वर्षं काढलीस, आता फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही. म्हणून या वयात मला पत्रं लिहावी लागतात आणि वर अक्षरावरून तुझी बोलणीही खावी लागतात.

तुझी जागा घेणारी अखेर आली. बाई नव्हे, यंत्र. तू आणि तुझ्या सोबतिणी निवडणीच्या पट्ट्यावर धातूचा दगड इकडे आणि फुकटचा दगड तिकडे करायचात, ते काम आता एक मोठा डबा करतो. दगड पट्ट्यावरून धावतात, कॅमेरा वरून बघतो, आणि नको तो दगड आला की वाऱ्याची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. चुकतं का, तर चुकतं. परवा कुणाचा तरी हातमोजा पट्ट्यावर पडला, त्याला चांगला माल समजून पुढे धाडला. तू असतीस तर मोज्याचा मालक शोधून त्याच्या तोंडावर फेकला असतास.

तुझा बारक्या ठीक आहे. सहा फुटी पोराला हे नाव ठेवणारी तू धन्य! माझ्या हाताखाली फिटर होऊन त्याला सहा वर्षं झाली, आणि मोठ्या क्रशरची, म्हणजे आमच्या जबड्याची, नस त्याला माझ्याइतकीच कळते. गेल्या आठवड्यात मात्र एक प्रताप केला. दुरुस्तीला जाताना मेन स्विचला आपलं कुलूप लावलं, काम उरकलं, आणि कुलूप तसंच ठेवून पठ्ठ्या जेवायला गेला. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं हा आमचा नियम, त्यामुळे त्याचं जेवण होईस्तोवर अख्खा प्लांट खोळंबला. चारचौघांत झापला त्याला. मान खाली घालून ऐकून घेतलं. तुझ्यावर गेला नाही एवढं खरं.

१७ तारखेला मोठे साहेब लोक नवं यंत्र बघायला येणार आहेत, त्याची धावपळ आहे. एप्रिलअखेर मी निवृत्त होतो. मग महिनाभर तुझ्याकडे बसून खाणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लोभ आहे तेवढा पुरे, अक्षराला नावं ठेवणं तेवढं कमी करावं.

तुझा
धाकटा

———

ता. २१ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच. बारक्या सुखरूप आहे, हे पहिलं.

१७ तारखेला दुपारी जबडा बंद ठेवला होता. त्याच्या मोठ्या चाकावरचे पट्टे बदलायला बारक्या मागच्या बोळात, चाक आणि भिंत यांच्या मधे बसला होता. यंत्र अचानक सुरू झालं. पट्ट्यानं डाव्या हाताची दोन बोटं नेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं, आणि झटक्यासरशी डोकं कठड्यावर आपटलं. चौदा टाके पडले. दोन दिवस काहीबाही बडबडत होता, आता नीट बोलतो, जेवतो. लेकीचे दिवस भरलेत, तिला टाकून धावत येऊ नकोस. मी दोन्ही वेळा त्याच्यापाशी असतो.

कसं झालं म्हणशील, तर स्विचला कुलूप नव्हतं. ऑपरेटरनं बटण दाबलं तेव्हा नव्हतं असं त्यानं साहेबांना सांगितलं आणि तसंच नोंदलं गेलं. बारक्याकडून ते लावायचं राहून गेलं असणार. आधी बोलणी खाल्ली होती, मन थाऱ्यावर नसेल. त्यात गडबड फार होती, साहेब लोक तीनला पोचणार होते, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. खाली नवं यंत्र सुरू, आवाज इतका की हाक मारली तरी ऐकू जात नव्हती. असं कुणाच्याही हातून होऊ शकतं. त्याला तू रागावू नकोस, मीही रागावलो नाही.

लोभ असू दे, आणि काळजी मला करू दे.

धाकटा

———

ता. ४ फेब्रुवारी

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. बाळाची बातमी कळली. मी मामा झालो! आठ बोटांचा मामा, पण मामा. आमच्या ताईला सांग, बाळाला उचलायला आठ पुष्कळ झाली.

हात भरत आलाय. मला आता स्टोअरमध्ये बसवलंय, नटबोल्ट मोजायला. साहेबांनी माझा परवाना काढून घेतला, यंत्राला हात लावायची मनाई आहे. कुलूप न लावता आत गेलो असं कागदावर आलंय, त्यामुळे दुसरीकडेही कुणी फिटर म्हणून घेणार नाही.

आई, तुला म्हणून सांगतो. मला कुलूप लावल्याचं आठवतं. स्विचचा दांडा खाली ओढला, कुलूप अडकवलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली, हे डोळ्यांसमोर दिसतं. मामा म्हणाला, ते आधीच्या कुठल्या तरी दिवसाचं असेल, डोक्याला मार लागला की दिवस इकडचे तिकडे होतात. डॉक्टरही म्हणाले की होतं असं. मामा माझ्याशी खोटं कशाला बोलेल?

पण तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसाच राहिला नाही. खोलीचं दार लावून रस्त्यावर येतो आणि परत जाऊन बघतो. काल नटांची एक पेटी चार वेळा मोजली. चारही वेळा सारखीच भरली, तरी पाचव्यांदा मोजली. स्टोअरकीपर हसला. आपण काय केलं आणि काय नाही हेच ज्याला कळत नाही, त्यानं यंत्राजवळ जाऊच नये, उद्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव जायचा. महिनाअखेरीस राजीनामा देतो आणि तुझ्याकडे येतो. काय करायचं ते तिथे बघू.

हॉस्पिटलनं माझ्या खिशातल्या वस्तू परत दिल्या. घड्याळ, रुमाल आणि कुलपाची किल्ली. कुलूप मात्र कुठेच नाही. हत्यारांच्या पेटीच्या कडीला लावून विसरला असशील असं मामा म्हणाला, पण तिथेही नाही. मामा रोज संध्याकाळी येतो, फळं कापून देतो आणि खाली बघत बसून राहतो. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलंय. त्याला तू दोन शब्द धीराचे लिही.

तुझा लोभ आहे हे मोजून बघावं लागत नाही, तेवढं एक बरं.

बारक्या

———

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. बाळ आणि बाळंतीण ठणठणीत आहेत.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. तुला मी लहानपणापासून ओळखते. खरं असतं ते तू एका ओळीत सांगतोस, आणि नसतं तेव्हा पानभर कारणं देतोस. चोराच्या मनात चांदणं, बाबा. एवढंच सांग, हाक कुणी मारली होती? ज्याला आत कुणी असेल अशी शंका येते, तोच हाक मारतो.

तसलं कुलूप पट्टा साफ करायला उतरताना मीही वीस वर्षं वापरलंय. ते बंद झाल्याशिवाय त्यातून किल्ली निघतच नाही. उघडं असलं की किल्ली आतच अडकून बसते, मुद्दाम तसं केलेलं असतं. माझ्या लेकराच्या खिशात नुसती किल्ली निघाली. म्हणजे कुलूप कुठे ना कुठे बंद होतं. बंद कुलपाला पाय फुटत नाहीत. ते कापावं लागतं, आणि कापायचं कटर कुणाच्या कपाटात असतं हे तू मला शिकवायला नको.

बारक्याला हे साधं गणित सुटलं नाही, कारण त्यात तुझ्यावर संशय घ्यावा लागतो. मला तो घेता आला, याचं मला फार वाईट वाटतंय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी चुकत असेन तर एका ओळीत लिही.

ताई

———

ता. १४ फेब्रुवारी

ताई,

तू चुकत नाहीस.

पावणेतीन वाजले होते. साहेब लोकांची गाडी फाटकात आली असं कळलं, आणि जबडा बंद, नव्या यंत्राला द्यायला दगडच नाही. स्विचपाशी गेलो तर बारक्याचं कुलूप. वाटलं, पट्टे बसवून झाले असतील आणि हा परत तसाच जेवायला गेला. डोकं सणकलं. वरूनच तीन हाका मारल्या. खाली उतरून बोळात डोकावायला वीस पावलं होती, ताई. ती मी चाललो नाही. नवीन पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो की कुलूप दिसलं म्हणजे आत माणूस आहे असंच धरायचं, मग तो डोळ्यांसमोर येऊन उभा राहीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि मीच कटर आणलं. तुकडे खिशात टाकले आणि ऑपरेटरला चालू कर म्हणून सांगितलं.

त्या गोंधळात कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं ते ऑपरेटरला. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं, आणि मी शेजारी गप्प उभा राहिलो. एकदा गप्प बसलं की पुढचं सोपं जातं. मग पोरानं हॉस्पिटलात माझा हात धरून विचारलं की मामा, मी कुलूप लावलं होतं ना. मी त्याला सांगितलं की तुझा घोळ होतोय.

अडीच महिने राहिलेत माझे. आता सांगितलं तर आयुष्यभराची नोकरी मातीत जाईल, वर खटलाही होईल. बारक्याला मी ओळखीनं दुसरं चांगलं काम बघून देईन. आता तूच सांग. गप्प राहा म्हणालीस तर राहीन, बोल म्हणालीस तर बोलेन.

धाकटा

———

ता. १८ फेब्रुवारी

धाकट्या,

मी काहीच म्हणणार नाही. बोल म्हटलं तर म्हणशील ताईनं बोलायला लावलं, गप्प राहा म्हटलं तर म्हणशील खुद्द आईलाच ते नको होतं. कटर आणताना मला विचारलं नव्हतंस.

बोटांचं मी तुला माफ केलं. वाचता वाचताच केलं, आणि रडले. घाईत माणूस चुकतो, माझ्या हातूनही पट्ट्यावर कमी चुका झाल्या नाहीत. पण माझा पोरगा दाराला कडी घातली का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जातो, ते घाईत झालेलं नाही. ते तू रोज संध्याकाळी, फळं कापत, शांतपणे केलंस.

त्याचा राजीनामा महिनाअखेरीस आहे. तोवर मी गप्प बसते, तेही जिवावर येतंय. मग मी त्याला सांगेन. पण तेव्हा ते त्याला आईकडून कळेल, तुझ्याकडून नाही.

ताई

———

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

साहेबांसमोर काल बोललो. ऑपरेटरला आणि दुपारच्या पाळीच्या सगळ्या माणसांना बोलावून घ्या म्हणालो, आणि सगळ्यांदेखत कुलपाचे तुकडे टेबलावर ठेवले. आजपासून मी निलंबित. पुढे चौकशी आहे, काय व्हायचं ते होईल. बारक्यावरचा ठपका काढून टाकायला साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं. परवाना सोमवारी परत मिळेल. राजीनामा त्यानं अजून दिलेला नव्हता. ज्यांना मी तीस वर्षं नियम शिकवले, त्यांच्यातल्या कुणी निघताना नमस्कारही केला नाही.

बारक्याला मात्र त्याआधी, सकाळीच सांगितलं. स्टोअरमध्ये एकटाच होता. मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो, त्यानं हात उचलला असता तरी चाललं असतं. त्यानं नुसते तुकडे हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. मी का केलं, इतके दिवस गप्प का बसलो, यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं की मामा, म्हणजे कुलूप मी लावलं होतं ना. मी हो म्हणालो. मग विचारलं की नीट लागलं होतं का. मी म्हणालो, कापताना मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला.

तेव्हा तो रडला, ताई. बोटं गेली तेव्हा रडला नव्हता. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्यानं थांब म्हटलं नाही, म्हणून निघून आलो.

लोभ असावा असं लिहायची सवय आहे, या वेळी लिहिवत नाही.

धाकटा