तेराशे वर्षांची पट्टी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ठरलं. पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला! मोठ्या बाई स्वतः मागच्या बाकावर बसून माझा पाठ बघणार. विषयही त्यांनीच दिला – 'मध्ययुगीन साम्राज्यांपासून औद्योगिकीकरणापर्यंत : मुख्य संकल्पना'. इयत्ता आठवी, वेळ चाळीस मिनिटं. तेराशे वर्षं भागिले चाळीस. मिनिटाला साडेबत्तीस वर्षं! हे गणित केलं आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

पाठ चांगला झाला तर नोकरी कायम. नाही झाला तर मार्चअखेर माझे उमेदवारीचे सहा महिने संपतात आणि मी घरी.

घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. त्यामुळे आईबाबांना वाटतं, मला सगळं येतंच. मला मोठ्या बाईंपेक्षा त्यांच्या या खात्रीची भीती जास्त!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जेवताना घरच्यांवर प्रयोग केला. सरंजामशाही समजावली – वर राजा, खाली सरदार, त्याखाली त्यांची माणसं, सगळ्यात खाली जमीन कसणारे.

आई म्हणाली, "म्हणजे आमची फॅक्टरी. मालक, मॅनेजर, सुपरवायझर, मग आम्ही."

"अगं नाही, तुला पगार मिळतो. तू नोकरी सोडून जाऊ शकतेस. त्यांना गाव सोडून जाता यायचं नाही."

"मी तरी कुठे गेले!"

बाबा इतके हसले की ठसका लागला.

मग वाफेचं इंजिन. मी पुस्तक उघडलं तर बाबांनी ते मिटून बाजूला ठेवलं. "लाँड्रीत वीस वर्षं बॉयलर सांभाळणारा माणूस समोर बसलाय, आणि तू पुस्तकाला विचारतेस?" त्यांनी कुकरवर हात ठेवून दाब, झडप, शिट्टी सगळं सांगितलं. पुस्तकात अडीच पानं आहेत. बाबांना तीन मिनिटं लागली.

शेवटी श्रमविभागणी. एक काम तोडून त्याचे वीस तुकडे करायचे, एकेकानं एकच तुकडा करायचा. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर धडा आहे होय!"

अकरा वर्षं ती शर्टाला फक्त डावी बाही लावते. उजवी लावणारी बाई वेगळी. मी विचारलं, मग पूर्ण शर्ट कोण शिवतं? "नमुना विभागात शिवतात. तिथे परीक्षा घेऊन घेतात." आणि ताटं उचलायला लागली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कल्पना सुचली! कापडाची लांब पट्टी. इसवी सन ६०० ते १९००. एका शतकाला एक तुकडा, प्रत्येकाचा रंग वेगळा. वीस सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षं, बरोबर मापात. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायची.

आईनं फॅक्टरीतून कातरण आणलं. मी विचारलं, सुपरवायझरला विचारून आणलंस ना? तिनं गेटपास काढून माझ्या नाकासमोर धरला. "मास्तरीण कशाला झालीस? वॉचमन व्हायचं होतंस!"

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर कापणं आणि रंगवणं. तेरा तुकडे. प्रत्येक सन मोजपट्टी लावून जागच्या जागी. पाठ मोडली, पण काय सुंदर दिसतंय!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फॅक्टरीतून आल्यावर आईनं घरच्या मशीनवर सगळे तुकडे जोडले, टोकं दुमडली, इस्त्री केली. वीस मिनिटांत तेराशे वर्षं! बाबा म्हणाले, एवढ्या वेगानं राजेसुद्धा बदलले नसतील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पट्टी भिंतीला लावून मोजली. दोनशे साठ सेंटीमीटर हवी. दोनशे चौतीस भरली. पुन्हा मोजली. दोनशे चौतीस!

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर शिवणीत गेलंय. म्हणजे प्रत्येक शतक नव्वद वर्षांचं. एकशे तीस वर्षं गायब. १०९९ चं धर्मयुद्ध गेलं. १४९८ चा सागरी मार्ग गेला. १८०४, गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं ते वर्ष, तेही शिवणीत.

आईवर ओरडले. "वीस म्हणजे वीस, एवढं कळत नाही का तुला?"

आईनं मशीन झाकलं. "तू मला लांबी सांगितलीस. शिवायच्या आधीची की शिवल्यानंतरची, ते कोण सांगणार? मार्जिन न सोडता शिवण धरत नाही. माझा हात तसा चालतच नाही."

पहिलीतल्या मुलालाही मी या आवाजात कधी बोलत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी आईची माफी मागितली. तिचं उत्तर – "डबा विसरू नकोस."

दुपारपर्यंत तीन बेत केले. एक, पट्टी न्यायचीच नाही. दोन, न्यायची आणि गप्प बसायचं, कोण मोजतंय? पण वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे मोजपट्टीच म्हणतात. ती बाकसुद्धा मोजते. तीन, नवीन करायची. तेवढं कापडही नाही, वेळही नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "सांगून टाक, आईनं चुकवलं म्हणून. मला कोण ओळखतंय तिथे?" बाबांनी मान डोलावली.

कापलं मी. मोजलं मी. शिवणाऱ्या बाईला विचारलं नाही, तेही मीच. बेत चौथा – खरं सांगायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झालं! क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की मी मनानंच रचलं.

पट्टी लावली. "वा!" झालं. मोठ्या बाई मागे वही उघडून बसल्या. मी म्हटलं, "वीस सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षं. पण या पट्टीत एक चूक आहे आणि ती माझी आहे. किती वर्षं कमी आहेत, कोण शोधेल?" मोजपट्टी उठलीच होती! तिनं एक शतक मोजलं आणि ओरडली, "बाई, नव्वदच वर्षं आहेत! दहा वर्षं कुणी खाल्ली?"

"शिवणीनं," मी म्हटलं. मग शिवण म्हणजे काय, मार्जिन का सोडतात, माझी आई काय काम करते, सगळं सांगितलं. एकदा 'माझी आई अकरा वर्षं फक्त डावी बाही लावते' म्हटल्यावर श्रमविभागणी कुणाला पुन्हा समजवावी लागली नाही. एकानं विचारलं, "मग त्यांना कंटाळा येत नाही?" कधी विचारलंच नाही आईला. तेही कबूल केलं.

एकेका गटाला एकेक जोड दिला. शिवण उलटी करून आत काय लपलंय ते वाचायचं. १०९९ सापडलं. १४९८ सापडलं. १८०४ सापडलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एरवी झोपणारा मुलगा उभा राहून म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट आणि आत दुमडलेली!" पुढे तेच बोलत राहिले, मी फक्त फळ्यावर लिहिलं. साम्राज्य, व्यापारमार्ग, छपाई, वसाहत. बाबांच्या कुकरपर्यंत पोचले आणि घंटा झाली.

मोठ्या बाई जाताना पट्टीपाशी थांबल्या. उलटी करून टाके बघितले. "शिवण फार नीट आहे." एवढंच. पाठाबद्दल एक अक्षर नाही!

रविवार, १६ फेब्रुवारी

'शिवण फार नीट आहे' म्हणजे पाठ नीट नव्हता असं का? दिवसभर तेच. बाबा म्हणाले, "तुला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून घ्यायला हवा."

आईला विचारलं, कंटाळा येतो का गं? ती दोरा ओवत होती. "आजवर कुणी विचारलं नव्हतं," म्हणाली. मग सुई पुन्हा उजेडाकडे धरली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पत्र आलं. कायम!!

बाबांनी ते लाँड्रीत नेऊन सगळ्यांना दाखवलं. आणलं तेव्हा वाफेनं मऊ पडलं होतं. आईनं इस्त्री करून दिलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आई उशिरा आली. बोटाला चिकटपट्टी. कुणाला न सांगता तिनं सोमवारीच सुपरवायझरकडे नाव दिलं होतं, आज नमुना विभागाची परीक्षा झाली. "तुला सांगितलं असतं तर तुलाच झोप लागली नसती!" उजवी बाही आधी उलटी लागली, म्हणाली. उसवली, परत लावली.

परवापासून पूर्ण शर्ट.