पाकिटाचा दुकानात राहिलेला तुकडा

माय, तुझा चेहरा आठवायला बसले की आधी तुझे गुडघेच डोळ्यांपुढे येतात. नवेगाव बांधच्या वसतिगृहात तू पोरांचा भात रांधायचीस आणि भाताचा मोठा गंज चुलीवरून उतरवताना तुझ्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा. दुखण्याची गोळी घेतली की गुडघा थांबायचा, पण छातीत आग पेटायची. मग डॉक्टरांनी गोळी बदलली. तिच्यात दुखण्याच्या औषधासोबत दुसरंही एक औषध होतं, जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळणारं. पहिले चार दिवस तुला जुलाब झाले, मग तेही थांबले, आणि तू त्या गोळीचं कौतुक गावभर करत सुटलीस. "लय गरीब गोळी आहे, काहीच नाही करत." दुकानदार कात्रीनं पाकीट कापून चार-चार गोळ्या द्यायचा. ते तुकडे तू पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचीस, आणि कोणती गोळी कशाची हे तुला आकारावरून बरोबर कळायचं. मला त्याचं तेव्हा कोण कौतुक होतं. 

नव्व्याण्णवची भाताची रोवणी. लग्नाला वर्ष होत आलं होतं, मला तिसरा महिना होता. सासू म्हणाली, मजूर भेटून नाही राहिले, दोन दिवस हात लाव. दोनाचे चार झाले. चार दिवस बांधीतल्या चिखलात वाकून मी तुझ्याकडे आले ती कमर धरूनच. तू माझ्यासमोर गरम भात वाढलास आणि डबा काढलास. मी म्हटलं, माय, अशात गोळी चालते का? तू म्हणालीस, "साधी नको घेऊ, ती जाळते. ही माझी घे. इतक्या दिवसांची खाऊन राहिली मी, मले काय झालं?" तू ते विचार न करता म्हणाली नव्हतीस. जी पोटाला जाळत नाही ती लेकीला काय करणार, असा तुझा सरळ हिशेब होता, आणि माझाही तोच. एक त्या दिवशी घेतली, एक दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी मी कोहमाऱ्यावरून गाडी बदलून तिरोड्याकडच्या आमच्या गावी परत आले, आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

तू आलीस ती तशीच अंगणात उभी राहिलीस. "माह्या पोरीले चिखलात उभी केली तुम्ही. तिचं लेकरू खाल्लं." माझी सासू खाली मान घालून ऐकत राहिली. तिची ती मान मला अजून दिसते. त्यानंतर तू या घरचं पाणी प्यायली नाहीस. माझी मुलगी झाली, तिच्या नाव ठेवायच्या दिवशीही तू बाहेर ओट्यावर बसून पोरगी मांडीवर घेतलीस आणि जेवायच्या आधी निघून गेलीस. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. माझी माय माझ्यासाठी भांडते आहे, याचं सुख असतं.

पुढं मी गावात आशा सेविका झाले. आरोग्य केंद्रात औषधं देणाऱ्या बाई आम्हाला गोळ्या ओळखायला शिकवत होत्या. त्यांनी एक अख्खं, न कापलेलं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि गोळी मी लगेच ओळखली. मागच्या बाजूला लाल चौकटीत लिहिलं होतं की गर्भवती बाईनं घ्यायची नाही. बाई म्हणाल्या, जे औषध जठराला जपतं तेच गर्भपिशवीला कळा आणतं, म्हणून दिवस असलेल्या बाईच्या हाती ही लागायला नको. मी विचारलं, आमच्या गावात एक बाई होती, तिनं दोन घेतल्या होत्या, त्यानंच गेलं असेल का? त्या म्हणाल्या, "असेलही, नसेलही. पहिल्या तीन महिन्यांत काहीच न घेताही जातं. आता कोण सांगणार?" त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या असं मला वाटलं. कदाचित मीच घाबरले होते.

तेव्हा तू होतीस, माय. आणखी दोन वर्षं होतीस. दर वेळी बसमध्ये मी ते वाक्य तयार करत यायची, आणि तू चहा ठेवता ठेवता विहिणीचा विषय काढायचीस. ते वाक्य तसंच घेऊन मी परत जायची. तू गेलीस तेव्हा रडता रडता मला मनात हायसं वाटलं, की आता सांगायला नको. असं वाटणाऱ्या लेकीला काय म्हणावं ते तूच सांग.

हे सगळं आज लिहिते आहे कारण परवा आमच्या घरात तेच होता होता राहिलं. माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना आहे. सासू तिला बांधीकडे फिरकू देत नाही. "मोठीले एकदा उभी केली चिखलात, तेवढं पुरे." पण धुणं धुऊन तिची कमर धरली. मी पाण्याचा गुंड भरून आत येते तर सासू तिच्यासमोर गोळी धरून बसलेली. "घे वो, ही नाही जाळत." तिचेही गुडघे गेलेत, तिलाही गोळ्या कापूनच मिळतात. मी गावभर घरोघरी डबे तपासत हिंडते, आणि माझ्याच घरातला डबा मी पाहिला नव्हता. मी गोळी हिसकावली. पाण्याचा गिलास सांडला. सासू म्हणाली, "काऊन वो? वेड लागलं का तुले?"

माझी खात्री नव्हती. पाकिटाच्या तुकड्यावर नावाची अर्धीच अक्षरं होती. तशीच तिरोड्याला गेले. सासूला गोळ्या देणारा दुकानदार म्हणाला, "वही है बहनजी, घुटनेवाली. क्या हुआ?" त्यानं खणातून उरलेला तुकडा काढला. लाल चौकट त्या तुकड्यावर होती. गोळ्या आमच्या घरी आल्या होत्या आणि सूचना दुकानात राहिली होती. तुझ्या वेळीही असंच झालं असेल. मी तो तुकडा मागून घेतला. गाडीत हातात धरून बसले होते, तो घामानं ओला झाला.

घरी सासू सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला लाल अक्षरं वाचून दाखवली. मागचं सांगणार नव्हते, पण तोंडातून निघून गेलं, तुझ्या दोन गोळ्यांसकट. ती खडे वेचत राहिली. मग तिनं विचारलं, "तुह्या मायले माहीत होतं?"

"नाही, आत्या."

"तू सांगितलं नाही कधी?"

"नाही."

"बरं केलं. ती जगली नसती." तिचे हात थांबले. "पण मले तर सांगायचं होतं वो. रोवणी आली का मले तुह्याकडे पाहवत नव्हतं."  मी सूप तिच्याकडून ओढून घेतलं आणि निवडायला बसले.

तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, आणि काही वाईट असलं तर तेवढं गाळायची. आज हे पत्र तुझ्याजवळ बसून वाचलं असतं, तर पुढचं मी गाळलं असतं. पहिली गोळी घेतली त्या दुपारीच माझ्या ओटीपोटात कळ आली होती. तुला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी तू डब्यातली शेवटची गोळी माझ्यापुढे धरलीस, एका हातानं गुडघा दाबत. नाही म्हटलं तर तुला वाईट वाटेल, एवढ्यासाठी मी ती घेतली.