बुटांच्या कपाटातलं टपाल

दि. २ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईचं शिवणयंत्र चालू आहे, माझी टकळी चालू आहे, आणि बुटांच्या कपाटातला आपला सर्व्हरही गुरगुरत चालू आहे. आई म्हणते, या घरात त्या डब्याची बडदास्त जावयापेक्षा जास्त.

पत्र हाताने लिहितोय याचं नवल वाटेल. पण तुझ्या पेटीत मेल टाकून उपयोग नाही, हे मला दिसतंय. सहा आठवडे तुझ्या पेटीत ना काही आलं, ना गेलं. गैरसमज करून घेऊ नकोस. मला फक्त आकडा दिसतो, मजकूर नाही. कोणाच्या पेटीत किती सामान आहे एवढंच कळतं. आत सोनं आहे की चिंध्या, ते ज्याचं त्याला माहीत.

मामा म्हणाला, तू परत त्या फुकटवाल्या कंपनीकडे गेलीस. मी त्याला दोनदा विचारलं, कारण माझा विश्वास बसेना. अगं, दोन वर्षांपूर्वीचं विसरलीस? आईने मावशीला मेलमध्ये लिहिलं की गुडघे दुखतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती. आईला वाटलं, मावशीने कोणाला तरी सांगितलं. पंधरा दिवस दोघी बहिणी बोलत नव्हत्या. फुकट देणारा माणूस दिसला की आधी आपले खिसे चाचपावेत, हे मी तेव्हाच म्हणालो होतो. म्हणून तर मामाच्या दुरुस्तीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आणून, दोन नव्या डिस्क घालून, आपण सात जणांची पत्रं आणि फोटो घरी आणले. आपलं टपाल आपल्या बुटांशेजारी. कोणाच्या बापाची मिंधेगिरी नाही.

मला शंका जावईबापूंची आहे. त्यांना पहिल्यापासून हे पटलं नव्हतं. "बाबा, एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या घरात काय रस असणार?" असं ते हसत म्हणाले होते. हसत विचारलेल्या प्रश्नावर मी कधी विश्वास ठेवत नाही. त्यांनीच तुझं मन वळवलं असेल तर तसं सांग, मी त्यांच्याशी बोलतो.

आणि जुलैतल्या त्या फोनचं काय? मी एक साधं वाक्य बोललो, तू गप्प झालीस, आणि मग फोन बंद. त्यानंतर फोनही नाही. लाईन तुटली म्हणू नकोस. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवलेल्या माणसाला तुटलेली लाईन आणि ठेवलेला फोन यांतला फरक कळतो.

आई रोज विचारते, भिंगरीचं काय? मी सांगतो, कामात असेल. उत्तर पाठव. आईसाठी तरी पाठव.

वाट पाहणारा,
बाबा


दि. ११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. आत एकच ओळ: "बाबा, उजवा कान तुम्हाला कसा कळला?" ना मायना, ना सही. आई यंत्रावर होती, म्हणून पाकीट तिला दिसलं नाही. मी खिशात ठेवलं.

त्या दिवशी मी एवढंच म्हणालो होतो, "फोन उजव्या कानाला धर." आता यात वकिलासारखं काय विचारायचं? बहुतेक माणसं फोन उजव्याच कानाला धरतात. शिवाय मागच्या खेपेला तू आली होतीस, तेव्हा जेवताना मान वळवून ऐकत होतीस, ते मी पाहिलं होतं. आणि तिसरं म्हणजे, पलीकडच्याला नीट ऐकू येतंय की नाही, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. तो माझा धंदाच होता.

तू म्हणशील, एका प्रश्नाला तीन कारणं कशाला? आईचंही हेच असतं. कपडा का आटला, याची तीन कारणं सांगणारं गिऱ्हाईक आलं की ती म्हणते, यांनी तो नक्की उकळत्या पाण्यात टाकला.

तुझ्या मनात काय आहे ते मला ओळखता येतं. पण शंका घ्यायचीच तर योग्य ठिकाणी घे. तुझी पत्रं आता ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या खोल्यांत कोण बसतं, तुला माहीत आहे? मला माहीत आहे. माझ्यासारखे लोक बसतात. एक्स्चेंजमध्ये आम्हाला लाईन तपासायला मध्येच खुंटी लावायची मुभा होती. तीन सेकंद. आवाज येतोय ना, बस्स, खुंटी काढायची. नियम तसाच होता. पण समोरची बाई रडत असली की तीन सेकंदांचे तीस होतात. एका गृहस्थांचा मुलगा दूर देशी होता. दर रविवारी ते त्याला सगळं कुशल आहे म्हणून सांगत आणि मुलाने फोन ठेवल्यावरही आपला रिसीव्हर थोडा वेळ तसाच कानाला धरून बसत. मला त्यांचा चेहरा माहीत नव्हता. त्यांच्या बायकोचं आजारपण मात्र त्यांच्या मुलाच्या आधी मला माहीत होतं. कोणाला काही सांगितलं नाही, हे खरं. पण ऐकलं.

म्हणून मी कोणावर विश्वास ठेवत नाही. ज्याच्या हातात खुंटी आहे तो ऐकतोच. चोराच्या मनात चांदणं म्हणशील तर म्हण.

आईला तुझ्या ओळीबद्दल काही बोललो नाही. तू तिला काही कळवायचं असेल, तर आता कळवावंस असं मला वाटतं. उगीच वाटतं. कारण काही नाही.

तुझा,
बाबा


दि. १४ सप्टेंबर

भिंगरी,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातली तिन्ही कारणं खोटी आहेत.

काल मामा सर्व्हरची डागडुजी करायला आला. कपाटापुढे मांडी घालून बसला आणि पडद्यावरच्या ओळी बोट ठेवून एकेक वाचत गेला. कोणाची पेटी कोणी कधी उघडली, याची नोंद त्या यंत्रात आपोआप होते. हे मला माहीत होतं. तो ती कधी वाचेल असं वाटलं नव्हतं. आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला,

"दाजी, नक्कल तपासायची तर आपली स्वतःची पेटी उघडायची असते."

चहा न घेताच गेला. आईला वाटलं, दुकानात घाई असेल.

तर ऐक. म्हणजे, वाच. सगळ्या पेट्यांची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर रोज निघते. सर्व्हर बसवला तेव्हाच मामाने नियम घालून दिला होता, की महिन्यातून एकदा त्या नकलेतलं काहीतरी उघडून बघायचं. न उघडलेल्या नकलेचा भरवसा नाही, ऐन वेळी कोरी निघते. मी दर महिन्याला उघडायचो. माझ्या पेटीत आहेच काय, विजेची बिलं आणि औषधांच्या पावत्या. म्हणून मी तुझी उघडायचो. फोटो असायचे, बरं वाटायचं. दोन वर्षांत फोटोंपलीकडे गेलो नाही, हे शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला आता काय किंमत, ते तू ठरव.

जुलैत मसुद्यांचा कप्पा उघडला. न पाठवलेलं एकच पत्र होतं, आईला लिहिलेलं. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्याचंही डॉक्टर सांगू शकत नाहीत. सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला ऑपरेशन. आई, तू ये, एकटीच ये. आणि खाली: "बाबांना इतक्यात सांगू नकोस. आजीला ऐकू येईना तेव्हा ते तिच्यावर कसे ओरडायचे, आठवतं? आजी हसून मान हलवायची, तिला एक अक्षर कळायचं नाही. मला तशी मान हलवत बसायचं नाही."

पहिल्यांदा वाचलं ती तपासणी होती. दुसऱ्यांदा वाचलं ती नव्हती. तिसऱ्यांदा वाचलं आणि लगेच तुला फोन लावला. काळजी वाटली म्हणून लावला, हे खरं आहे. तू दोनदा "काय?" म्हणालीस आणि मी ओरडलो, "उजव्या कानाला धर!" तू लिहिलं होतंस ते मी त्याच दिवशी खरं करून दाखवलं.

त्यानंतर दोन महिने मी गप्प बसलो. आईला सांगावं तर 'तुम्हाला कसं कळलं?' म्हणून ती विचारेल. तुला विचारावं तर तुला कळेल. म्हणून जावईबापूंवर संशय घेतला, कंपनीवर घेतला. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपणच चोर चोर म्हणून ओरडत होतं. आई रोज तुझी चौकशी करत होती आणि मी तिच्यासमोर बसून, तुझं दुखणं पोटात ठेवून, कामात असेल म्हणत होतो.

काल रात्रभर एकच हिशेब घातला. त्या कंपनीने तुझं पत्र वाचलं असतं, तर तुला कानाच्या यंत्रांच्या जाहिराती आल्या असत्या. चीड आली असती, पण आपण त्या पुसून टाकल्या असत्या. मी वाचलं, तर तू बापाचा फोन घेईनाशी झालीस. त्यांना तू कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आज सकाळी मामाला पुन्हा बोलावलं. आता प्रत्येकाच्या पेटीला ज्याचं त्याचं कुलूप आहे, आणि नकलेलाही. मला उघडता येणार नाही, मामालाही नाही. तुला हे पहिल्याच दिवशी हवं होतं. तेव्हा मीच म्हणालो होतो, पासवर्ड विसरलात की रडत माझ्याकडेच याल. मला तुम्ही यायला हवे होतात, एवढंच ते होतं. तुझा मसुदा आहे तिथेच आहे. तो आईला पाठवून द्यावा असं दोनदा मनात आलं. हात आवरला. पत्र पाठवायचं की नाही, हे लिहिणाऱ्याचं काम आहे.

पण बारा दिवस राहिलेत गं. आईला काहीच माहीत नाही. माझ्या पापापायी तू तिथे एकटी झोपू नकोस.

सोबत एक पाकीट ठेवलंय. तिकीट लावलेलं आहे, वर आईचं नाव आहे. तुला जे लिहायचं ते लिही आणि डिंकाने नीट चिकटव. टपाल दारातून मीच उचलतो, ते तुला माहीत आहे. दारापासून आईच्या शिवणयंत्रापर्यंत नऊ पावलं आहेत. आज मोजली. पाकीट तिच्या हातात देईन आणि पायरीवर जाऊन बसेन. ती काय विचारेल त्याला एकच उत्तर देईन, तीन नाही. बॅग भरून मागितली तर भरून देईन.

मला येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. ये म्हणालीस तर एक वही घेऊन येईन. जे बोलायचं ते लिहून तुझ्यापुढे सरकवेन. माझा आवाज तुला ऐकावा लागणार नाही.

ते पत्र ज्याच्यासाठी नव्हतं, तो तुझा

बाबा