जागचा न हलणारा

कालिम्नोस,
५ मार्च १९८७

चि. नोमिकोस यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल बोटीनं आलं. रिकाम्या बाटल्या सहा, प्राणी टिकवायच्या औषधी पाण्याची बाटली एक (गळलेली नाही), विटलेले मोजे दोन जोड. सोडवून घ्यायला एकशे ऐंशी द्राख्मा पडले. मोजे तिथेच टाकून दिले असतेस तर वजन तरी कमी भरलं असतं.

पाठीचा कणा नसलेले सहा प्रकारचे प्राणी तुला अभ्यासाला हवेत, म्हणून बाटल्या भरून परत पाठवते आहे. खेकडा, कालव, काटेरी गोळा, समुद्रफूल आणि वाळूतला किडा मी स्वतः खडकांवर जाऊन जमवले. शेजारची कालोतीना मला विचारत होती, सेवास्ती, पोरगा थेस्सलोनिकीला शिकायला गेलाय की भटारखाना काढायला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. सोमवारपासून ईस्टरआधीचा मोठा उपास लागला, तेव्हा माझी वर्गवारी तीच आपली: रक्त नाही ते उपासाला चालतं. किड्यावर काय लिहावं कळेना, म्हणून 'कोणी खात नाही' असं लिहिलं.

सहाव्या बाटलीत स्पंजाचे दोन तुकडे आहेत. पांढऱ्या दोऱ्याचा उथळ पाण्यातला, लाल दोऱ्याचा चाळीस वाव खोलीवरचा. गेल्या हंगामापासून उथळातला स्पंज हातात घेतला की ओल्या पावासारखा विरघळतो आणि घाण मारतो. निम्मा धक्का रिकामा बसून आहे. तुझे बाबा म्हणतात, रोग वरवर आहे, खाली माल चांगला आहे, ईस्टर झाला की चाळीस वावांवर बुडी मारतो. मी म्हटलं, पन्नाशी उलटली, आमच्या थेमेलिसची गत विसरलात का. तुझा मामा त्याच खोलीवरून वर आला तो कमरेखाली कायमचा लुळा होऊन. तर म्हणतात, थेमेलिस घाईनं वर आला, मी नाही येणार. थेमेलिसही जाताना हेच म्हणाला होता.

शेवटी एका गोष्टीवर आले. म्हणाले, नोमिकोसला विचार. खालचाही सडलाय असं त्यानं लिहिलं तर मी बोटीवर पाय ठेवणार नाही. संत निकोलाओसांच्या तसबिरीपुढे बोलले आहेत. तेव्हा तुझ्या यंत्राखाली नीट पाहा.

कळावे. जिवाला जपावं, मोजे रोज बदलावेत.
तुझी आई

थेस्सलोनिकी,
१६ मार्च १९८७

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

बाटल्या पोचल्या, एकही फुटली नाही. सगळ्यांची घराणी लागली. खेकडा सांध्यांच्या पायांचा, म्हणून कोळी आणि मुंगी त्याचे भाऊबंद. कालव मऊ अंगाचं, ते गोगलगाय आणि ऑक्टोपसच्या घरचं. काटेरी गोळा तारामाशाचा चुलतभाऊ. समुद्रफूल हे फूल नव्हे, ते जेलीफिशच्या नात्यातलं. तुझा 'कोणी खात नाही' गांडुळाच्या गोतातला निघाला. तुझ्या चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. सरांनी वाचल्या आणि पोट धरून हसले.

एक सांगतो, रागावू नकोस. उपासाला तू खातेस त्या ऑक्टोपसला रक्त असतं, निळं. म्हणजे चाळीस वर्षं तू उपास मोडते आहेस.

स्पंज मात्र तुझ्या नियमात पक्का बसतो. तो सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. रक्त नाही, तोंड नाही, मेंदू नाही. खरा सोवळा तोच. पिल्लू असताना तो पोहतो. मग एखादा खडक धरतो आणि जन्मभर जागचा हलत नाही. म्हणून कित्येक लोक त्याला झाड समजत. पण चालणं-फिरणं ही काही प्राण्याची खूण नव्हे. तो दिवसभर पाणी आत ओढतो, बाहेर सोडतो आणि त्यातून आपला घास वेचतो. तो प्राणीच आहे.

आता ज्यासाठी तू विचारलंस ते. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा आतून पार पोखरला आहे. लाल दोऱ्याचा निरोगी आहे. मी पुन्हा पुन्हा पाहिला, सरांनाही दाखवला. बाबांना अजून काही कळवलेलं नाही. काय लिहू?

तुझा,
नोमिकोस

कालिम्नोस,
२६ मार्च १९८७

चि. नोमिकोस यास अनेक आशीर्वाद.

ऑक्टोपसचं चर्चमध्ये पापा-लेफ्तेरिसांना विचारलं. म्हणाले, फडक्याला लाल डाग पडत नाही तोवर चालतं, आणि नोमिकोसला सांगा, उपास जिभेचाही असतो.

तुझं पत्र मी बाबांच्या हाती लागू दिलं नाही. त्यांना वेगळं पत्र लिही, की दोन्ही तुकडे सडलेले आहेत. मी तुला लहानपणी खोटं बोललास म्हणून जेवायला दिलं नव्हतं, ते मला आठवतं. तरी लिही. उपासाच्या दिवसांत असलं मागणं मागायला माझी जीभ रेटत नाही, पण रोज सकाळी थेमेलिसला आंघोळ मी घालते. ज्या स्पंजानं त्याची पाठ चोळते, तो त्यानंच खालून काढलेला आहे. भावाची पाठ एकदा चोळली, आता नवऱ्याची चोळायची ताकद माझ्यात नाही. पाप लागेल ते मी संत निकोलाओसांना सांगून माझ्याकडे घेतलं आहे. तू फक्त सही कर.

बाबा रोज टपालवाल्याला विचारतात. लवकर लिही.

आई

थेस्सलोनिकी,
२९ एप्रिल १९८७

ती. आईस नमस्कार.

उशीर झाला. दिसलं तेच लिहायचं, हे इथं पहिल्या दिवशी शिकवलं. बाबांनीही तेच शिकवलं होतं, खाली जे दिसेल तेच वर येऊन सांगायचं, नाहीतर मागून उतरणारा मरतो. कितीदा लिहायला बसलो, पण सहीपाशी हात अडायचा. ईस्टरला आलो नाही ते अभ्यासामुळे नव्हे. बाबांसमोर बसायचं धाडस झालं नाही.

सोबत त्यांच्या नावे कागद आहे. तू सांगितलंस तसाच लिहिला आहे. सही केली आहे.

नोमिकोस

कालिम्नोस,
१९ जुलै १९८७

चि. नोमिकोस यास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद आला त्याच्या आदल्या सकाळी बाबांना घेऊन बोट गेली होती. तुझं पत्र येईना तसे बाबा खुलत गेले. धक्क्यावर सांगत फिरले, वाईट असतं तर माझ्या पोरानं तार केली असती, तो गप्प आहे म्हणजे माल चांगला आहे. मीही गप्पच होते. पत्र माझ्या खिशात होतं आणि मी गप्प होते. तेव्हा तू एकट्यानं मनाला लावून घेऊ नकोस.

चाळीस वावांवरून वर आले ते थेमेलिससारखेच; गेल्या आठवड्यात त्यांना अथेन्सच्या इस्पितळातून घरी आणलं. तिथं लोखंडी टाकीत ठेवून हवेचा दाब देऊन पाहिला. कमरेखाली काही उरलं नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही, त्यातच मी समजले. स्पंज मात्र नामी आणले होते, सगळे लाल दोऱ्यासारखे.

खिडकीशी बसवते, पण बंदराकडे पाहत नाहीत. थेमेलिसला त्याच्या चाकांच्या खुर्चीतून आणला. तो म्हणाला, दाजी, दोघांत मिळून चार पाय आणि चालणारा एकही नाही, आता आपण चोरी केली तरी पळता यायचं नाही. एरवी हसले असते. चार दिवसांपूर्वी त्यांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, की नोमिकोसला लिही, मला आता प्राण्यांत धरू नको, शेवाळ्याच्या बाटलीत घाल म्हणावं. त्यानंतर घास तोंडाशी नेला की ओठ मिटतात. रस्सा तसाच परत नेते. तसबिरीपुढे उभी राहते आणि काय मागायचं तेच सुचत नाही.

तुझा तो कागद मी चुलीत घातला. मार्चमधलं पत्र मात्र काढून पुन्हा वाचलं. स्पंज पिल्लू असताना पोहतो, मग जागचा हलत नाही, तरी पाण्यातून आपला घास वेचतो आणि प्राणीच असतो, असं तू लिहिलं आहेस. मी वाचून दाखवलं तर म्हणतील, सेवास्ती समजूत घालतेय. माझं ऐकायचे नाहीत. तुझ्या सहीला मानतात. तेवढंच वेगळ्या कागदावर, 'साकेलारिस यांस' असं बाबांचं नाव वर घालून मोठ्या अक्षरात लिही आणि खाली सही कर. या वेळी खोटं काही लिहायचं नाही, तेव्हा हात अडायचा नाही.

ते काही खात नाहीत, बाळा. उलट टपाली पाठव.

आई