साडेतीन तास मागे

३० एप्रिल
नात परवा परदेशात चालली. सहा आठवडे. शाळेतल्या मुलांचा उन्हाळी कोर्स आहे. तिकडच्या एका घरात राहायचं आणि समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायचा. आमच्या गच्चीवरच्या टाकीत एवढं शेवाळ आहे, पण ते घरचं, त्याला सर्टिफिकेट नाही.
कोर्सवाल्यांनी रोज लिहायला वह्या दिल्या. तिला चुकून दोन मिळाल्या, एक मला दिली. म्हणाली, आजी, तूही लिही, मनात येईल ते. म्हणजे मीपण कोर्सला आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही बाई चांगल्या होत्या म्हणून.
पोर सोळा वर्षांची झाली, पण झोपायला मी लागते, वेणी घालायला मी लागते. आठ दिवसांत परत येणार. सुनेला सांगून ठेवलंय. सून म्हणाली, अहो आई, तिकीट सहा आठवड्यांचं आहे. तिकिटाला काय कळतं?

२ मे, दुपार
गेली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडले नाही. विमानतळावर एसी फार ठेवतात, त्यानं डोळ्यांतून पाणी येतं. तीही रडली नाही. माझ्यावर गेलीय. मागे वळून बघितलंसुद्धा नाही, इतकं जड जात होतं बिचारीला.
निश्चय : आपण होऊन फोन करायचा नाही. पोरीला जरा स्वतंत्र होऊ द्यायचं.

२ मे, संध्याकाळ
फोन केला. ती विमानात होती, लागला नाही. म्हणजे निश्चय मोडला नाही.

४ मे
तिकडे आपल्याहून साडेतीन तास मागे असतं. बोटांवर मोजून मोजून जीव जातो. म्हणून स्टुलावर चढून हॉलमधलं घड्याळच साडेतीन तास मागे केलं. आता वर बघितलं की झालं. पोर उठली, पोर जेवली, सगळं दिसतं. एवढी साधी युक्ती, शिकलेल्यांना सुचत नाही.

५ मे
मुलगा सकाळी उठला, घड्याळात सहा बघितले, परत जाऊन झोपला. साडेनऊ वाजले होते. ऑफिसात मोठी मीटिंग होती म्हणे. आई, हे काय चालवलंयस, म्हणून ओरडला. मी म्हटलं, मुलगी तिकडे एकटी, आणि तुला मीटिंग सुचते? सून ओट्याकडे तोंड करून हसत होती. शेवटी तह झाला. घड्याळ आता आमच्या खोलीत, माझ्या आणि नातीच्या, पलंगासमोर. तिथेच जास्त शोभतं.

१० मे
मी तिच्या वेळेनं जेवते. तिचे बारा म्हणजे आपले साडेतीन. पित्त झालंय. डॉक्टर म्हणाले, आजी, वेळेवर जेवत जा. म्हटलं, अगदी वेळेवर जेवते. कुठल्या वेळेवर ते त्यांनी विचारलं नाही.
आठ दिवस झाले. आली नाही. तिकीट बदलणं फार किचकट असतं म्हणतात.

११ मे
तिचा फोन आला, चेहऱ्यासकट! केवढा आनंद झाला मला. वाळलीय पोर. सून म्हणाली, उलट गाल वर आलेत. ते सुजलेत, आठवणीनं. पण वेणी बघितली तर घट्ट, सरळ, चार पेडांची. विचारलं, कोणी घातली गं? म्हणाली, मीच. तुला कधीपासून येते? म्हणाली, चौथीपासून येते की आजी, तुला आवडायचं म्हणून तुझ्याकडून घालून घ्यायचे.
लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही.

२० मे
तिनं फोटो पाठवला. त्या घरात एक म्हातारी आहे. नात तिच्या पांढऱ्या केसांची वेणी घालतेय. चार पेडांची! माझी कला परदेशात पोचली. शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला. ती म्हणाली, चांगलाच लळा लागलेला दिसतो तुमच्या नातीला. शेजारीण चष्मा लावत नाही.

२० मे, परत
म्हातारीचे केस फारच विरळ आहेत. उगाच नावं ठेवायची म्हणून नाही, दिसलं ते लिहिलं.

१ जून
फोन केला. (निश्चय पहिल्या महिन्यापुरता होता.) म्हणाली, आजी, शेवाळ काढायला निघालोय, नंतर करते. आता फोन ओट्यावर, उशाशी, बाथरूमच्या खिडकीत, असा सगळीकडे बरोबर नेते.

५ जून
केला. म्हणजे नंतर म्हणाली ते नंतरच केला. शब्दाची पक्की आहे. दोन मिनिटं बोलली. मागून ती म्हातारी तिला कशाला तरी हाका मारत होती. माणसानं दुसऱ्याच्या फोनमध्ये बोलू नये.

१३ जून
आली! आली माझी बाय! विमानतळावर गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. सहा आठवडे माझी आठवण कोंडून ठेवलेली, दुसरं काय. पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, आता आलीस ना घरी. तर आणखीच रडायला लागली. सून काहीतरी सांगणार होती, तिला मी हातानंच गप्प केलं. आजी-नातीच्या मध्ये बोलू नये.
घरी आल्याआल्या स्टूल घेतलं आणि घड्याळ आपल्या वेळेवर लावलं. आता त्याचं काम संपलं.

१४ जून, सकाळ
फणी-तेल घेऊन गेले, तर पोरीची वेणी घालून झालेली. पलंगावर पडून समोर बघत होती. काय बघतेस गं, म्हटलं. म्हणाली, काही नाही, तिकडची आजी आता उठून चहा ठेवत असेल.
वर बघितलं. आपले साडेनऊ झालेले, घड्याळात सहा. मी हात लावलेला नाही. स्टूल पलंगाशी होतं.
सेल संपत आला असणार. मुलाला नवा आणायला सांगितलाय. घाई नाही म्हटलं.